कॅमेऱ्यावरच्या चकत्या, बटणं आणि आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा हातात आहे, एक्सपोझरही समजतं, पण बॉडीवरचं अमुक बटण तिथेच का आणि पडद्यावर हे काय लिहून आलंय, इथे गाडी अडते. तसे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींसाठी थोडं मागे, फिल्मच्या काळात जावं लागतं.

काही कॅमेऱ्यांच्या चकत्यांवर आकडे कोरलेले असतात, काहींच्या अगदी कोऱ्या असतात. हा नुसता दिसण्याचा फरक आहे का?

नाही. सेटिंग नेमकं कुठे राहतं, याचा हा फरक आहे. आकडे कोरलेल्या चकतीत सेटिंग त्या चकतीतच असतं. कॅमेरा बंद असो, बॅटरी काढलेली असो, वरून नजर टाकली की शटर १/२५० वर आहे हे दिसतं. जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे लांबून पाहिलं तरी तो तीनवर आहे हे कळायचं, तसंच. कोरी चकती मात्र स्वतः काहीच सांगत नाही. आकडा पडद्यावरच वाचावा लागतो आणि कॅमेरा बंद असेल तर बहुतेक वेळा तोही नाही. त्या बदल्यात एकच चकती दहा कामं करते: आत्ता शटर, बटण दाबून फिरवली की आयएसओ, मेनूत गेलात की यादी वरखाली.

कोऱ्या चकतीचा जन्म डिजिटलच्या बराच आधीचा. १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० ने चकत्या काढून टाकल्या आणि शटर-ॲपर्चरसाठी वर-खाली करणारी बटणं दिली, सोबत माथ्यावर छोटा एलसीडी. तेव्हा ते फार आधुनिक वाटलं. पण १/१२५ वरून १/१००० ला जायचं तर बटण टकटक दाबत बसावं लागे. पुढच्याच वर्षी कॅननच्या टी९० ने शटरच्या बटणामागे एक आडवं चाक बसवलं आणि त्याच्याजवळ एलसीडी ठेवला. १९८७ पासून ईओएस मालिकेने ती रचना पुढे नेली, १९८९ च्या ईओएस-१ ने पाठीवर अंगठ्यासाठी दुसरं मोठं चाक आणलं. आज बाजारातला जवळपास प्रत्येक कॅमेरा याच वळणाचा आहे.

चाक जिंकलं याचं कारण बोटांना मोजता येतं. तृतीयांश स्टॉपची पायरी ठेवली असेल तर तीन टिचक्या म्हणजे एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. एफ २.८ वरून एफ ४ ला जाताना ३.२, ३.५, ४. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असतानाही हे करता येतं.

मग फुजीफिल्मने पुन्हा कोरलेल्या चकत्या का आणल्या? जुन्या आठवणींचा धंदा?

थोडा धंदा आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. २०११ साली विक्रीला आलेल्या एक्स१०० चं रूप बघूनच अर्ध्या लोकांनी पैसे काढले. पण त्या रचनेत एक खरी सुबकता आहे. तिथे मोड निवडायची वेगळी चकतीच लागत नाही. शटरच्या चकतीवर आणि ॲपर्चरच्या रिंगवर ‘ए’ अशी खूण असते. दोन्ही ‘ए’ वर ठेवा, कॅमेरा पूर्ण स्वयंचलित. फक्त रिंग फिरवून एफ ४ ला आणा, झालं ॲपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं. फक्त शटर फिरवा, शटर प्रायॉरिटी. दोन्ही फिरवा, मॅन्युअल. शिकणाऱ्याला मोड म्हणजे काय हे समजावायला याहून चांगली रचना माझ्या पाहण्यात नाही.

याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. चकती १/२५० वर दिसत असताना कॅमेरा आतून १/६० वापरू लागला तर ती चकती खोटी ठरेल. म्हणून अशा कॅमेऱ्यांवर ‘लग्नाचा हॉल’ आणि ‘बाहेरचं ऊन’ असे दोन पूर्ण संच साठवून एका झटक्यात बदलता येत नाहीत. रंगाची सेटिंग्ज साठतात, शटर-ॲपर्चर नाही. २०२० च्या एक्स-एस१० ला फुजीफिल्मने सरळ मोड डायल आणि कोऱ्या चकत्या दिल्या, तेव्हा जुने भक्त रुसले. पण व्हिडिओ आणि फोटो आलटून पालटून करणाऱ्याला तोच कॅमेरा सोयीचा पडतो.

निकॉन झेड एफच्या माथ्यावर एक इवलीशी खिडकी आहे, त्यात एकच आकडा दिसतो. बाकीचा एलसीडी कुठे गेला?

तो आकडा ॲपर्चरचा. २०२३ च्या झेड एफवर शटर, आयएसओ आणि एक्सपोझर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेलं एक्सपोझर उजळ-गडद करायची सोय) या तिन्हींच्या कोरलेल्या चकत्या आहेत. ॲपर्चरची चकती जुन्या काळी लेन्सवर असायची आणि आताच्या झेड लेन्सवर ती कोरलेली रिंग नाही. मग तेवढंच एक सेटिंग दाखवायचं राहिलं, त्यासाठी ती खिडकी. बाकीची माहिती चकत्यांवर आहेच, एलसीडीची गरज उरली नाही.

फुजीच्या १८-५५ झूमचीही अडचण हीच. झूम केलं की तिचं सर्वात मोठं ॲपर्चर २.८ वरून ४ वर येतं, मग रिंगवर कोणते आकडे कोरणार? रिंग कोरी ठेवली आहे.

कॅननवर टी-व्ही आणि ए-व्ही, निकॉनवर एस आणि ए. दोन्ही एकच ना?

हो, एकच. टी-व्ही म्हणजे शटर तुम्ही ठरवता, ए-व्ही म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवता. पेंटॅक्सही कॅननसारखीच अक्षरं वापरतं आणि २००६ च्या के१०डी पासून त्यात दोनांची भर पडली: एस-व्ही मध्ये आयएसओ तुमच्या हातात, टीए-व्ही मध्ये शटर-ॲपर्चर तुमचं आणि आयएसओ कॅमेऱ्याचा. बाकीच्या कंपन्यांवर हेच काम मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ लावून होतं, पण त्याला स्वतःचं अक्षर नाही. त्यामुळे ‘मॅन्युअलवर ठेवूनही फोटो उजळ-गडद का होतोय’ हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तर जवळपास दर वेळी ऑटो आयएसओ हेच निघतं.

आयएसओचं बटण इतक्या गैरसोयीच्या जागी का असतं?

फिल्मच्या दिवसांत आयएसओ रोल भरताना एकदाच ठरायचा. १९८३ नंतर तर रोलच्या डबीवरचा डीएक्स कोड वाचून कॅमेरा तो स्वतःच लावू लागला. छत्तीस फोटो होईपर्यंत त्याला हात लावायचं कारण नव्हतं. म्हणून त्याचं बटण लांब, डाव्या खांद्यावर किंवा पडद्याच्या कडेला, क्वचित लागणाऱ्या गोष्टींच्या शेजारी ठेवलं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं.

डिजिटलमध्ये आयएसओ प्रत्येक फोटोला बदलता येऊ लागला, म्हणजे तो शटर-ॲपर्चरच्या पंगतीत येऊन बसला. बटण मात्र कितीतरी वर्षं जुन्याच जागी राहिलं. निकॉनच्या डी८०० वर ते डाव्या खांद्यावर, व्हाइट बॅलन्स आणि क्वालिटीच्या जोडीला. डावा हात लेन्सखाली असतो, तो काढल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. शेवटी २०१६ साली डी५ आणि डी५०० वर निकॉनने अदलाबदल केली: मोडचं बटण डावीकडे गेलं, आयएसओ शटरच्या मागे तर्जनीखाली आला. कॅननच्या ५डी मालिकेत ते आधीपासून उजव्या बाजूला होतं. लायकाने २०१७ च्या एम१० वर आयएसओला स्वतंत्र कोरलेली चकतीच दिली, तीही डाव्या खांद्यावर. पण ती आधीच लावून ठेवता येते आणि डोळ्याला दिसते, म्हणून तिथे चालून जातं.

कॅमेरा बंद-चालू करायच्या खटक्याचंही असंच. निकॉनने तो शटरच्या भोवती ठेवला, एका बोटाचं काम. कॅननच्या आर५ आणि आर६ वर तो डावीकडे होता. २०२२ च्या आर६ मार्क दोनवर तो उजवीकडे आणला आणि डावी जागा फोटो-व्हिडिओच्या खटक्याला दिली. मला हा बदल फार आधी व्हायला हवा होता असं वाटतं.

माझ्या कॅमेऱ्यावर शटर स्पीड ‘४’ दिसतोय. म्हणजे चार सेकंद?

बहुधा पाव सेकंद. जुन्या आणि बऱ्याच आताच्या कॅमेऱ्यांवर जागा वाचवण्यासाठी अपूर्णांकाचा वरचा एक लिहीत नाहीत. १२५ म्हणजे १/१२५, ४ म्हणजे १/४. पूर्ण सेकंद असतील तर आकड्यानंतर दोन उभ्या रेघा येतात: ४″ म्हणजे चार सेकंद. कॅननवर अर्धा सेकंद ०″५ असा दिसतो, म्हणजे त्या रेघा दशांश चिन्हाचंही काम करतात. निकॉनवर मात्र नुसतं १.६ म्हणजे १/१.६ सेकंद आणि १.६″ म्हणजे दीडहून थोडं जास्त.

चार सेकंद आणि पाव सेकंद यांत चार स्टॉपचा फरक आहे आणि तो दोन बारीक रेघांवर लटकलेला आहे. संध्याकाळी ट्रायपॉडवर काम करताना चष्मा नसेल तर संपलंच. जिथे पडद्यावर हवी तेवढी जागा आहे तिथेही काही कंपन्या हीच पद्धत रेटतात, हे मला पटत नाही. पूर्ण १/४ लिहिणारे डिस्प्ले आता वाढले आहेत, ते बरं आहे.

डिस्प्लेवर मध्येच ‘एफ-ई-ई’, ‘आर १२’, ‘एरर ९९’ असं काहीतरी येतं. हे काय असतं?

माथ्यावरचा एलसीडी आणि व्ह्यूफाइंडरखालची पट्टी यांत अनेक कॅमेऱ्यांवर प्रत्येक अंक सात दांड्यांनी बनतो, कॅल्क्युलेटरवर असतो तसा. सात दांड्यांत सगळी इंग्रजी अक्षरं बसत नाहीत. मग जी बसतात तेवढ्यांतच निरोप द्यावा लागतो, म्हणून ते इतके चमत्कारिक दिसतात.

एफ-ई-ई निकॉनवर येतं. ॲपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स, उदाहरणार्थ ५० एमएम एफ १.८ डी, लावली आणि रिंग सर्वात लहान ॲपर्चरवर नसली की कॅमेरा क्लिकच करत नाही. रिंग २२ वर आणून खटका लावा, काम झालं. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या लेन्स बिघडल्या म्हणून दुकानात परत गेलेल्या आहेत.

निकॉनवर शटर अर्धं दाबल्यावर येणारा ‘आर १२’ म्हणजे सलग आणखी बारा फोटो बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत, मावतील. ‘१.२ के’ म्हणजे कार्डावर बाराशेच्या आसपास जागा. ‘एफ’पुढे दोन रेघा आल्या तर लेन्सशी कॅमेऱ्याचं बोलणं होत नाही. कॅनन त्याच स्थितीत ॲपर्चरच्या जागी ‘००’ दाखवतो. जुनी मॅन्युअल लेन्स लावली असेल तर काळजी नको, ऑटोफोकसची लेन्स असेल तर तिचे संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. जुन्या कॅननवरचा एरर ९९ म्हणजे ‘काहीतरी बिनसलंय, नेमकं काय ते कळलं नाही’. बॅटरी काढून घाला, संपर्कबिंदू पुसा, दुसरी लेन्स लावून बघा. तरीही येत राहिला तर सर्व्हिस सेंटर.

सेकंडहँड कॅनन घेतला, पाठीवरचं मोठं चाक फिरतं पण काहीच बदलत नाही. बिघडलं आहे का?

४०डी, ५डी किंवा ५डी मार्क दोन असेल तर आधी पॉवरचा खटका बघा. त्याला तीन जागा आहेत: बंद, चालू आणि त्यापलीकडे वाकड्या रेघेची एक खूण. मधल्या जागेवर कॅमेरा चालू असतो पण चाक मुद्दाम निकामी ठेवलेलं असतं, चुकून धक्का लागून एक्सपोझर बदलू नये म्हणून. खटका पुढे सरकवा. नंतरच्या मॉडेलांवर यासाठी ‘लॉक’ असं लिहिलेला वेगळा खटका आला, तेव्हा हा गोंधळ कमी झाला.

दोन कंपन्यांचे कॅमेरे एकत्र वापरतो. एकावर डावीकडे फिरवलं की उजळ, दुसऱ्यावर गडद. वेड लागायची पाळी.

जुन्या निकॉनवर एक्सपोझरच्या पट्टीत अधिक डावीकडे आणि उणे उजवीकडे असायचं, बाकीच्या जगाच्या उलट. कस्टम सेटिंग्जमध्ये पट्टी उलटवायचा आणि चकतीची दिशा बदलायचा असे दोन वेगळे पर्याय बहुतेक निकॉनवर मिळतात. कॅनन आणि सोनीवरही चकतीची दिशा बदलता येते. दोन्ही बॉडी एका वळणावर आणा आणि मग त्यांना हात लावू नका. झूम रिंगची दिशा मात्र लेन्समध्येच असते, तिच्यापुढे इलाज नाही.

स्टुडिओत फ्लॅश लावला की मिररलेसचा व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट. काहीच दिसत नाही.

मिररलेसमध्ये आरसा नसतो, व्ह्यूफाइंडर म्हणजे आतला छोटा पडदाच, आणि कॅमेरा इमानदारीने वागतोय. १/१६०, एफ ८, आयएसओ १०० वर खोलीतल्या प्रकाशात फोटो खरोखर काळाच येईल आणि फ्लॅश पडणार आहे हे त्याला इशारा देणाऱ्या ट्रिगरवरून त्याला बहुधा कळत नाही. पडद्यावर एक्सपोझर दाखवणं बंद करा. कॅननवर त्याचं नाव ‘एक्सपोझर सिम्युलेशन’, सोनीवर लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’, निकॉनच्या पहिल्या झेड कॅमेऱ्यांवर ‘अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू’, फुजीवर ‘प्रीव्ह्यू एक्सपोझर’. बाहेर उन्हात आल्यावर परत चालू करायला विसरू नका, नाहीतर पडद्यावर सगळं छान दिसेल आणि फोटो पांढरे. मी तर हे एखाद्या मोकळ्या बटणावरच लावायला सांगते.

हिस्टोग्राम, लेव्हल, झेब्रा, ग्रिड... सगळं चालू ठेवावं का?

नको. हिस्टोग्राम म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, लेव्हल कॅमेरा तिरका आहे का ते दाखवते, झेब्रा फार उजळ भागांवर पट्टे ओढतो, ग्रिड म्हणजे आडव्या-उभ्या रेघा. सगळं एकदम लावलं की चित्र झाकलं जातं. डिस्प्लेचं बटण दाबत गेलं की एकामागून एक पडदे येतात. त्यांपैकी दोनच ठेवा: एक जवळपास रिकामा, एक हिस्टोग्राम आणि लेव्हल असलेला. हिस्टोग्राम कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या जेपेग चित्रावरून बनतो, त्यामुळे रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) काढणाऱ्यांनी उजवी कड किंचित टेकली तर घाबरू नये.

मेनूतला पर्याय करड्या रंगात आहे, निवडताच येत नाही.

दुसरं कुठलं तरी सेटिंग त्याला अडवतंय. नेहमीचे संशयित: इलेक्ट्रॉनिक शटर किंवा सायलेंट मोड चालू आहे म्हणून फ्लॅश बंद, रॉ निवडलंय म्हणून पिक्चर इफेक्ट बंद, मोड डायल हिरव्या ऑटोवर आहे म्हणून जवळजवळ सगळंच बंद. आता काही कॅमेरे तो करडा पर्याय दाबला की कारण सांगतात. जुने गप्प बसतात, तिथे एकेक काढून बघण्याला पर्याय नाही.

मेनू इतके लांबलचक का?

कारण एकदा दिलेली सोय काढून घेतली की कोणीतरी भांडायला येतं. दर मॉडेलला भर पडत जाते. कॅननने पानं आडवी मांडली, प्रत्येक पान पडद्यावर मावेल एवढंच, आणि रंग ठरवले: फोटोचा लाल, बघण्याचा निळा, जुळणीचा पिवळा. निकॉनने उभ्या लांब याद्या ठेवल्या. सोनीच्या मेनूवर वर्षानुवर्षं टीका झाली, ती योग्यच होती, एकाच विषयाची सेटिंग्ज तीन ठिकाणी विखुरलेली. २०२० च्या ए७एस तीनने नवा मेनू आणला: डावीकडे उभे विभाग आणि स्पर्शाने चालणारा. फरक लगेच जाणवतो.

पण मेनूत जावंच लागू नये हा खरा उपाय. कॅनन आणि फुजीचं ‘क्यू’, निकॉनचं ‘आय’, सोनीचं ‘एफएन’ हे बटण दाबलं की नेहमी लागणारी सेटिंग्ज एका पडद्यावर येतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांत काय असावं हे ठरवता येतं. उरलेल्यांसाठी ‘माय मेनू’. पहिल्या आठवड्यात एवढं जमवलं तर उरलेला मेनू क्वचित उघडावा लागेल.

साठवलेल्या मोडबद्दल एक इशारा. निकॉनच्या मोड डायलवरच्या यू१, यू२ वर तुम्ही काही बदललं तरी चकती फिरवून परत आलात की जपून ठेवलेलं मूळ सेटिंग मिळतं. त्यांच्याच वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांतल्या ‘बँक’ (सेटिंग्जचे साठवलेले संच) मात्र शेवटचा बदल धरून बसतात. महागडा कॅमेरा घेतल्यावर अनेकांना हाच धक्का बसतो.

टचस्क्रीन असताना बटणं कशाला?

पावसासाठी. आषाढात गडावर पडद्यावर चार थेंब पडले की तो बोट कुठलं आणि पाणी कुठलं हे ओळखेनासा होतो. शिवाय डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पडद्यावरचं बटण दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. फोकसचा बिंदू निवडायला मात्र स्पर्शासारखं दुसरं काही नाही. टचस्क्रीनचा पहिला डीएसएलआर कॅननचा ६५०डी, २०१२ चा.

कॅननने २०१८ च्या ईओएस आर वर अंगठ्याजवळ स्पर्शाची एक पट्टी दिली होती, चुकून लागणारी आणि हवी तेव्हा न लागणारी. २०२० च्या आर५, आर६ वर ती नाही. आणि फोनवाले उलट्या दिशेने निघालेत: २०२४ च्या आयफोन १६ ला कॅमेऱ्यासाठी खास बटण आलं.

व्ह्यूफाइंडरमधली अक्षरं धूसर दिसतात.

त्याच्या कडेला छोटी डायॉप्टरची चकती असते. चित्राकडे न बघता आकड्यांकडे बघत ती फिरवा. बॅगेत घासून ती आपोआप फिरते.

रात्री तारे काढताना पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात.

ब्राइटनेस सर्वात कमी करा. पेंटॅक्स के-१ मध्ये पडदा लाल करायची सोय आहे आणि लेन्सच्या माउंटजवळ, पडद्यामागे आणि कार्डाच्या खाचेत छोटे दिवेही आहेत. अंधारात लेन्स बदललेल्या माणसानेच ते सुचवलं असणार. निकॉन डी४, डी५००, डी८५० वर बटणं उजळतात.

दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर काय करून बघावं?

डोळा व्ह्यूफाइंडरला लावा आणि डोळा न काढता चार गोष्टी करा: आयएसओ बदला, एक्सपोझर कॉम्पेन्सेशन द्या, फोकसचा बिंदू हलवा, ऑटोफोकसचा प्रकार बदला. प्रत्येक वेळी तो आकडा आत दिसला का हेही बघा. तुमचे हात लहान असतील तर मोठ्या बॉडीवर तर्जनी पुढच्या चकतीपर्यंत नीट पोहोचते का ते तपासा, पकड न सोडता. दुकानदार मेगापिक्सेलबद्दल बोलत राहील, बोलू द्या.

मराठी मेनू मिळतो का?

निकॉनच्या काही मॉडेलांत मिळतो. डी५३०० च्या भाषांच्या यादीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगूसोबत मराठीही आहे. घरातल्या मोठ्या माणसांना कॅमेरा द्यायचा असेल तर जरूर लावून बघा. बॉडीवरची अक्षरं अर्थातच रोमनच राहतात आणि शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये मेनूची नावं इंग्रजीत असतात, त्यामुळे शिकणारे बहुधा इंग्रजीवरच परततात. बाहेरगावाहून कोणी आणून देणार असेल तर एक विचारून घ्या: जपानच्या बाजारासाठी विकल्या जाणाऱ्या सोनीच्या कॅमेऱ्यांत सहसा फक्त जपानी मेनू असतो. तो नंतर बदलता येत नाही.